सरळ उघडलेली फाईल

“…पण महाराज, अनुग्रह द्यायला आता आणखी काय बघायचं राहिलंय?”

“तुझं यंत्र बोलतंय का, ते,” केवलगिरी महाराज म्हणाले आणि हातातली शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.

शार्दूल टिपणीस मनातल्या मनात चडफडला. पुण्याची गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून तो मठात आला होता. उपनिषदं तोंडपाठ. महाराज प्रवचनात श्वास घ्यायला थांबले, तरी पुढचं वाक्य हा पठ्ठ्या म्हणून मोकळा व्हायचा.

घरच्यांना त्याने शब्द दिला होता, दिवाळीपर्यंत अनुग्रह झाला नाही तर परत येईन. दिवाळी तोंडावर आली होती.

महाराजांनी मात्र त्याला कामाला जुंपलं होतं. कुणा भक्ताने दिलेला जुना कॉम्प्युटर मठाच्या ऑफिसात पडून होता. यात्रेकरूने गावाचं नाव आणि माणसं किती ते लिहावं, आणि खोली आहे की नाही ते यंत्राने सांगावं, एवढंच काम.

“हा तर माझ्या हातचा मळ,” शार्दूल म्हणाला होता. त्याने सर्व्हर बसवला, डेटाबेस बसवला, प्रोग्रॅम लिहिला. आज दाखवायचा दिवस.

“बघा हं, महाराज.”

त्याने फोल्डर उघडला आणि ऐटीत फाईलवर क्लिक केलं.

पडद्यावर खोली नाही, गाव नाही. नुसते कंस, डॉलरची चिन्हं आणि त्याने लिहिलेला प्रोग्रॅम, जसाच्या तसा.

महाराज पुढे वाकले. “यात्रेकरूंना हे वाचता येईल?”

“नाही, नाही! हे दिसायलाच नको. थांबा जरा.”

त्याने सगळं काढून पुन्हा बसवलं. फाईल उघडली. पुन्हा कंस. मग त्याने जुन्या यंत्राला नावं ठेवली, मठातल्या विजेला ठेवली, भक्तालाही सोडलं नाही. कपाळावर घाम डवरला होता. दिवाळी, पुणे, बाबांचा चेहरा… सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

महाराज उठले. धोतर झटकलं, चपला घालून बाहेर गेले, आणि दार ओढून घेतलं.

दारावर थाप पडली.

“कोण?” शार्दूल वैतागून म्हणाला.

“यात्रेकरू. वाघोशीहून आलोय. एकटाच आहे. तुमच्या यंत्राला विचारायचं कसं, हो?”

शार्दूलला हसावं की रडावं कळेना. “ब्राउझरमध्ये वर पत्ता लिहायचा.”

“मग?”

“मग तुमचा प्रश्न सर्व्हरकडे जातो. सर्व्हर फाईल वाचतो, आत काय लिहिलंय तसं करतो, आणि तुम्हाला फक्त उत्तर पाठवतो. फाईल कधी दाखवत नाही.”

“असं होय! आणि तुम्ही कसं विचारलंत?”

“मी कशाला विचारू? यंत्र माझ्यासमोर आहे. मीच बसवलंय. मी सरळ फाईलच…”

तो थांबला.



शार्दूलने हळूच फोल्डर बंद केला. ब्राउझर उघडला. एखाद्या परक्या माणसासारखा, वर पत्ता लिहिला. गाव, वाघोशी. माणसं, एक.

पडद्यावर एकच ओळ आली. ‘खोली आहे. या.’

त्याने धावत जाऊन दार उघडलं. महाराज पायरीवर बसून गालातल्या गालात हसत होते. शार्दूललाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो त्यांच्या खालच्या पायरीवर बसला.

अनुग्रहाची गोष्ट त्याने काढली नाही.

“महाराज…”

“बोल.”

“असा सरळ आत घुसायची खोड मला आणखी कुठे कुठे आहे?”

महाराजांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मठात आल्यापासून या मुलाने असं काही विचारलं नव्हतं, ज्याचं उत्तर त्याच्या खिशात आधीच नव्हतं.

“उद्या पहाटे आंघोळ करून ये,” ते म्हणाले. “येताना नारळ आण… उत्तर आणू नकोस.”