अध्यक्षांच्या मानेवरची गोचीड

म्हशी अजून माणसांसारख्या बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. देशभरातल्या वैद्य पाखरांनी मिळून एक संघ काढला होता. अध्यक्ष होते धवलराव गायबगळे. म्हशीच्या अंगावरची एकही गोचीड त्यांच्या चोचीतून सुटत नसे.

त्या वर्षीच्या सभेत मात्र बोलता बोलता त्यांना धाप लागली. "काही नाही, वय झालं. माझं औषध मी घेतोय," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या वैद्याला कोण काय सांगणार?

मागून साळुंकी उठली. तीही गुरांचीच वैद्य. दोघांचं कधी पटलं नव्हतं.

"धवलराव, तुमच्या मानेवर गोचीड आहे. चांगली टरारून फुगलीय."

"मला गोचीड शिकवतेस?"

"शिकवत नाही हो. पण स्वतःच्या मानेवर तुमची चोच पोचते का?"

धवलरावांनी चोच मागे वळवून पाहिली. पुन्हा पाहिली. मग भर सभेत त्यांनी साळुंकीपुढे मान वाकवली. "काढ बाई," ते म्हणाले.

तेव्हापासून संघाची सभा गोल भरते. सगळे एकामागे एक बसतात, आधी पुढच्याची मान तपासतात आणि मगच भाषणं होतात. साळुंकीच्या पुढची जागा मात्र धवलराव कोणाला देत नाहीत.