गाठोड्या भूत आणि दोन विणकर

एका विणकरांच्या गावात दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक भूत येई. ताडाएवढं उंच, धुरासारखं पांढरं. पाठीवर गाठोडं असे, म्हणून त्याचं नाव गाठोड्या. दिसायला भयंकर, पण स्वभावाने गरीब. लोक वेशीवर जमून ओरडत, "खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा." गाठोड्या सगळं उचली आणि सूर्य बुडायच्या आत नदीपलीकडे टाकून येई.

त्या गावात डोमाजी आणि चिंधू हे दोघे भाऊ एकाच घरात विणत. डोमाजीचं लुगडं बाजारात आधी उचललं जाई. चिंधूला ते सलत असे. त्यात डोमाजी रोज म्हणे, "चिंध्या, तुही किनार वाकडी चालली." त्या वर्षी वेशीवरच्या गर्दीत चिंधू ओरडला, "आमच्या डोमादादाले घेऊन जा." गलक्यात कोण ओरडलं ते कोणाला कळलं नाही.

दुपारी गाठोड्या दारात उभा राहिला. "डोमाजी कोण? न्यायला सांगितलंय."

डोमाजीने धाकट्याची खाली गेलेली मान पाहिली आणि तो समजला. म्हणाला, "येतो बाप्पा. बसा जरा, करंजी खा. चिंध्याच्या मागावर दोन धागे तुटले, तेवढे जोडून देतो. त्याले बारीक गाठ जमत नाही."

गाठोड्याला आजवर कोणी बस म्हटलं नव्हतं. तो उंबऱ्यावर बसून करंजी खाऊ लागला. चिंधूला राहवेना.

"मीच ओरडलो," तो म्हणाला. "दादाले सोड."

"वेशीवर सांगितलेलं वेशीवरच बदलतं," गाठोड्या तोंड पुसत म्हणाला. "आणि एकट्याने सांगावं लागतं."

चिंधू वेशीवर जाऊन उभा राहिला. गाठोड्या आणि डोमाजीही मागोमाग आले. लोक पुन्हा जमले. "काय रे, ढेकूण राहिले का घरी?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले. सूर्य टेकला होता.

"दादाचं कापड माझ्याहून चांगलं निघते," तो म्हणाला. "मले ते पाहवत नाही. दादाले नको नेऊ. माझा हेवा घेऊन जा."

हसणं थांबलं. गाठोड्याने गाठोडं बांधलं, पण त्याला ते उचलेना.

"खोकल्याहून जड आहे रे हे. एक टोक धर."

चिंधूने टोक धरलं. दोघे नदीच्या पाण्यात उतरले. मागून डोमाजीची हाक आली, "चिंध्या, डावीकडून जा. उजवीकडे पाणी खोल आहे."

चिंधू डावीकडे वळला.

तात्पर्य: गर्दीत लपून दुसऱ्याचं नाव घेणं सोपं असतं. आपला दोष आपल्याच तोंडाने सांगावा लागतो, आणि तो दूर न्यायला आपलाही हात लावावा लागतो.