साळूची खूण

फार जुन्या काळी एका रानात म्हाताऱ्या, अपंग जनावरांना सामाईक कोठारातून दाणे मिळत. कोठारावरच्या धनेश पक्ष्याच्या कानात आपली गुप्त खूण सांगितली की वाटा हाती पडे.

एकटी राहणारी साळू साळिंदर त्यावरच जगत होती. एके सकाळी कोल्हा तिच्या बिळाशी आला. "आजी, तुमचा वाटा वाढलाय. फक्त खूण सांगा." कितीतरी दिवसांनी कुणी आजी म्हटलं होतं. साळूने हरखून खूण सांगून टाकली.

दुपारी ती कोठारावर गेली, तर धनेश चमकला. "तुमचा वाटा कोल्हा घेऊन गेला. तुम्हीच पाठवलंय म्हणाला, खूणही बरोबर सांगितली."

साळूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझंच चुकलं रे."

"लबाडी त्याची, आजी. तुम्ही का रडता?" धनेशाने आपले दाणे तिच्यापुढे सरकवले. "आपण नवी खूण ठरवू."

साळू तिथून घरी गेली नाही. दुखरे पाय ओढत ती कोठाराच्याच दाण्यांवर जगणाऱ्या आंधळ्या चिचुंद्रीला सावध करायला गेली. तिथे कोल्हा गोड बोलत बसलाच होता. साळू काटे फुलवून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"सांगू नकोस, बाई! देणाऱ्याला तुझी खूण ठाऊकच आहे. मग हा कशाला विचारतोय?"

कोल्ह्याने काढता पाय घेतला. चिचुंद्रीने चाचपडत आपले दाणे काढले आणि अर्धे साळूच्या पुढ्यात ठेवले.