घाटाची मोटर

फार फार पूर्वी एक डोंगरी राज्य होते. तिथे तेव्हाही विजेवर गाड्या चालत. इतक्या पूर्वी वीज कुठून आली, ते मात्र विचारू नका; गोष्टीला सगळी मुभा असते.

राज्याचा दवाखाना डोंगरमाथ्यावर आणि गावे पायथ्याशी. आजाऱ्यांना वर आणायला राजाने नवी गाडी करायला सांगितली. तिची मोटर निवडायचे काम राज्याच्या मुख्य कारागीरबाईंकडे होते.

बाई मोठ्या हुन्नरी. त्यांनी स्वतःच एक मोटर घडवली होती. पोटात जबर चुंबके, अंगाने लहान, बॅटरीही थोडीच खाणारी. आयुष्यभराची विद्या त्यांनी तिच्यात ओतली होती. दुसरी मोटर एका तांबटाची. तिच्यात चुंबक नव्हतेच, नुसते तांबे आणि लोखंड. बोजड, वर विजेला खादाड.

तिथली रीत अशी, की नव्या गाडीची परीक्षा पहाटेच्या गारव्यात, मुहूर्त साधून, महालाच्या फरसबंद अंगणात व्हायची. दोन्ही मोटरी एकेका गाडीला लावल्या. बाईंची गाडी वाऱ्यासारखी पळाली. तांबटाची मागून घरघरत आली. राजा बाईंच्या अंगावर शाल घालायला उठलाच.

"थांबा महाराज," बाई म्हणाल्या, "आजारी माणसं काही अंगणात राहत नाहीत. भर दुपारी, भरल्या गाडीनं घाट चढू दे, मग बघू."

हातातोंडाशी आलेला मान ही बाई घालवणार, असे दरबारी कुजबुजले. मला विचाराल, तर मान तिथेच मिळाला!

दुपारी बाई स्वतः आपल्या गाडीत बसल्या. सुरुवातीला गाडी मजेत चढली. मग मोटर तापली, तापलेल्या चुंबकांचा जोर ओसरला आणि निम्म्या घाटात गाडी उभी राहिली. तांबटाची गाडी रखडत का होईना, माथ्यावर पोचली. तीही तापली होती, पण तिच्यात जोर गमवायला चुंबकच नव्हते.

बाईंचे डोळे भरून आले.

राजा हळूच म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा बघू या. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. तुमचा मान राहील."

"माझा मान राहील महाराज, आजारी माणूस वाटेत राहील त्याचं काय? घाटाला तांबटदादांचीच मोटर. माझी बाजाराच्या गाडीला लावा, सपाटीवर ती झकास चालेल."

त्याच वर्षी वैशाखात, टळटळीत उन्हात, एक अडलेली बाळंतीण घाटाच्या त्या गाडीने वेळेवर वर पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आईने तांबटाचे पाय धरले.

तांबट मागे सरकला. म्हणाला, "ताई, मोटर माझी खरी. पण निवडली बाईंनी, स्वतःची बाजूला ठेवून."

मुलीला बाईंचे नाव ठेवले.

घ्यायचे ते एवढेच: निवड करताना आपल्या हातच्या वस्तूचे प्रेम बाजूला ठेवावे आणि ती ज्या वाटेने जाणार, ती वाट पाहावी.