द्वाडाचा मान

आंबेरवण्याच्या ग्रामदेवीच्या पाषाणावरून हात फिरवून पाहा. डावी बाजू उजवीपेक्षा गुळगुळीत लागते आणि दिसतेही काळीभोर. या गावात कुणाला 'द्वाड' म्हटलंत तर तो रागावणार नाही, उलट मिशीत हसेल. इतरत्र द्वाड म्हणजे खोडकर, हाताबाहेर गेलेला. इथे तो मान आहे, आणि तो आवडू गुरविणीपासून सुरू झाला असे जुनी माणसे सांगतात.

आवडू देवीच्या पुजाऱ्याची बायको. खोड्यांत तिचा हात धरणारे कुणी नव्हते. गावच्या खोतांच्या जोड्यात चिंचोके भरायलाही तिने कमी केले नव्हते म्हणे.

त्या काळी तळ्याचा बांध लागोपाठ तीन वर्षे फुटला. बांध माणूस मागतोय, असे कुणीतरी बोलले आणि सुतारांच्या नव्या सुनेवर, मैनेवर, बोट गेले. माहेरी तिला कुणी नव्हते, हेच कारण. देवीला कौल लावायचे ठरले. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार.

कौलाच्या दिवशी सकाळी देऊळ झाडताना आवडूने पाषाणाच्या डाव्या अंगाला खोबरेल चोळले. तीनदा कौल लावला, तीनदा डावीच पाकळी घसरली.

माणूस देता येईना, तेव्हा गावाला अंग मोडून कामाला लागावे लागले. बांध उकरला, तर खेकड्यांनी तो तळापासून पोखरलेला. नवी माती ठेचून भरली. पावसाळा गेला, बांध टिकला, आणि आवडूने सगळे सांगून टाकले. खोटे तिच्या पोटात राहत नसे.

खोत संतापले. "द्वाड आहेस तू. देवीलाही सोडलं नाहीस."

"देवीला न्हायच म्हनायचं व्हतं," आवडू म्हणाली. "मी नुसतं तेल लावलं."

तिला वाळीत टाकायचे की नाही, यासाठी पुन्हा कौल लागला. डावी पाकळी गळली. त्या सकाळी देऊळ झाडायला मैना गेली होती, एवढेच सांगतात.

आजही कौल लावण्याआधी गावचा द्वाड पुढे येऊन पाषाण पुसतो. उजवी बाजू तो घासूनपुसून लख्ख करतो. डावीवरून नुसता हात फिरवतो, आणि तेव्हा सगळा गाव दुसरीकडे पाहतो.