घोंगड्याचा भाव कोणी वाढवला?

दिवाळी सरली आणि वेळगडच्या बाजारात दोन रुपयांचं घोंगडं सात रुपयांना जाऊ लागलं. दरबारच्या खर्चाचा कागद पाहून राजे भैरवरावांचं पित्त खवळलं. चौकशी नाही की काही नाही, घोंगडी विणणाऱ्या निंबा सणगराला उचलून गडावरच्या कोठडीत टाकलं आणि आठ दिवसांनी त्याचा माग जप्त करायचं फर्मान सोडलं.

निंबाची लेक हौसा गड चढून थेट सदरेवर आली. माग गेला तर चूल बंद, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण ती रडायला आली नव्हती. रडायचं ते चढावरच उरकून घेतलं होतं तिनं.

भाव बाबांनी वाढवला नाही, घेणाऱ्यांनीच पैसे हातात कोंबले, असं सांगून तिनं पदराची गाठ सोडली आणि जास्तीचे रुपये राजापुढे ठेवले. राजा पक्का हट्टी. पैसे परत आणले म्हणजे गुन्हा कबूल झाला, असा त्यानं उलटाच अर्थ काढला.

"मग वाढवला कोणी? पुढच्या बाजाराला त्याला माझ्यासमोर उभा कर. नाहीतर तुलाही बापाशेजारी बसवीन."

"आन् सापडला तर?"

"तर घोंगड्यांचा गठ्ठा डोक्यावर देऊन त्याला गड चढायला लावीन. मग तो कोणी का असेना!"

कोणी का असेना, हे तेवढं कागदावर लिहून द्या, असं हौसानं नम्रपणे सुचवलं. राजानं रागारागात शिक्काही उमटवला.

"आता एक करा महाराज. बाजाराच्या दिशी माझ्या पालात येऊन बसा. डोक्यावरून घोंगडं घ्या, आन् काय बी झालं तरी तोंड उघडू नका."

बाजाराच्या दिवशी हौसानं चाळीस घोंगडी मांडली. राजासाठी मात्र तिनं मुद्दाम सगळ्यात खरखरीत घोंगडं काढलं होतं. बाप आठ दिवस कोठडीत होता, एवढं तर चालायचंच. घटकाभरात राजाची मान खाजून लाल झाली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पागोट्याच्या शेवानं तोंड झाकून. हौसानं दोन रुपये भाव सांगितला. त्यानं हळूच वीस घोंगडी मागितली आणि कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. ती मोजते आहे तोवर दुसरा आला, त्याचंही तोंड झाकलेलं. तो अडीच रुपये देऊ लागला. तिसऱ्यानं त्याला कोपरानं ढकलून साडेतीन केले.

"अवो, दोनच रुपये हाय भाव!" हौसा सांगून थकली.

"तुला कोणी विचारलं? गप्प बस!" चौथा तिच्यावरच खेकसला आणि पाच रुपये म्हणाला. सहावा आला तेव्हा भाव सातावर गेला होता आणि दोघं जण एकाच घोंगड्याची दोन टोकं धरून ओढत होते.

आता राजाला राहवेना. अंगावरचं घोंगडं भिरकावून तो उठला आणि सगळ्यांना तोंडं उघडायला लावली. पागोट्यांचे शेव खाली आले. पागा, हत्तीखाना, तोफखाना, मुदपाकखाना, पहारा आणि कोठी, सहाही खात्यांचे कारकून! सगळे त्याच्याच दरबारातले. ते राजापेक्षा एकमेकांकडेच जास्त डोळे फाडून पाहू लागले.

पागेच्या कारकुनाची बोबडी वळली. दसऱ्याला सरकारांनीच हुकूम काढला होता, असं त्यानं कसंबसं सांगितलं. थंडीआधी प्रत्येक खात्यानं आपापली घोंगडी घ्यावी, आणि ज्याच्याकडे कमी पडतील त्याची नोकरी गेली. दुसऱ्या खात्याला सुगावा लागू नये म्हणून तो तोंड झाकून येत होता. बाकीच्या पाचांचंही तेच म्हणणं निघालं.

राजा हौसाकडे वळला. गुन्हेगार दाखवायचा होता, तो कुठे आहे, असं त्यानं दरडावून विचारलं.

हौसानं खाली पडलेलं घोंगडं झटकून नीट घडी घातली.

"पैशाच्या पिशव्या सहा हायत महाराज, पर धनी एकच. तुम्ही सकाळपासून तुमच्याशीच चढाओढ करताय. कोण बी जिंकलं तरी पैसा तुमचाच जातोय." मग तिनं शिक्क्याचा कागद पुढे धरला. "गठ्ठा बांधू का?"

राजानं कागद वाचला, मान खाजवली, आणि एकदम पोट धरून हसत सुटला. खरोखरच त्यानं गठ्ठा डोक्यावर घेतला. सहा कारकून मागून निमूट चालले. हात लावायची छाती एकाचीही झाली नाही.

वरच्या दरवाजाशी धापा टाकत राजानं निंबाला सोडवलं, माग त्याचा त्याला ठेवला आणि हुकूम केला, की आजपासून सगळ्या खात्यांची खरेदी एकाच पिशवीतून, आणि ती पिशवी हौसाच्या हातात.

हौसानं मान हलवली. "बापानं इकायचं आन् लेकीनं घ्यायचं? म्हंजे पुढच्या साली गठ्ठा माझ्या डोक्यावर. पिशवी दुसऱ्या कोणाला द्या."

राजा पुन्हा इतका हसला की गठ्ठाच खाली आला. मग तूच माग काय हवं ते, म्हणाला.

"चाळीस घोंगड्यांचे ऐंशी रुपये, रोख. आन् बाबांना खाली न्यायला एक घोडा."

राजानं ऐंशी रुपये मोजले, वर आपल्या हातातलं सोन्याचं कडं ठेवलं आणि घोडा मागवला. निंबा ऐटीत घोड्यावर बसून गड उतरला. लगाम धरून पुढे चालत होता पागेचा कारकून!