मडक्यातला कौल

“एकही पांढरा नाही. मग अजून काय बघायचं राहिलंय, बाबा?”

रेवणने मडकं गुरू अवधूतबाबांच्या पुढ्यात पालथं केलं. सगळे चिंचोके तपकिरी.

मठाची रीत जुनी. गादीवर कुणी बसायचं ते गुरू एकटा ठरवत नाही, सगळा मठ ठरवतो. फडक्याने झाकलेल्या मडक्यात प्रत्येकाने हात घालायचा. होकाराला अख्खा तपकिरी चिंचोका, नकाराला सोललेला पांढरा. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नाही.

रेवणच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता बाबांनी डोक्यावर हात ठेवला की गादी त्याची. पण तो हात काही उठत नव्हता.

“माझ्या वेळी निम्मे पांढरे निघाले होते,” बाबा म्हणाले. “तेव्हा ज्याची झोळी त्याच्याकडे असायची.”

“आणि ज्याची रिकामी, तो उपाशी निजायचा. मी कोठी बांधली, सगळ्यांच्या झोळ्या तिच्यात ओतून घेतल्या, म्हणून दुष्काळ निभावला. तुमची सकाळची पेजसुद्धा तिथूनच येते.”

“किल्ली?”

रेवणचा हात कमरेकडे गेला. “माझ्याकडे. पण मी कुणाला धमकावलं नाही, बाबा. कुणाचा घास तोडला नाही.”

“तोडावा लागला नाही.”

…

रेवणची कानशिलं तापली. दीक्षा घेण्याआधी तो व्यापाऱ्यांबरोबर देशोदेशी हिंडला होता, आणि ते ऐकवायची संधी तो सहसा सोडत नसे.

“साऱ्या जगात हेच चालतं. पेटीत चिठ्ठी टाकायची, मोजायची. ज्याला जास्त, त्याचं राज्य.”

“तिकडे कोठ्या कुणाच्या?”

“असतात दोनचार घरांच्या.”

“मग त्याच घरातले निवडून येतात?”

“ते कशाला उभे राहतील? त्यांना हवा तो येतो.”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

बाबांनी समोरच्या पाटावर बोट टेकवलं. “किल्ली इथे ठेव. आणि मडकं पुन्हा फिरव.”

रेवणने कमरेची किल्ली सोडली. हात पाटाच्या वर येऊन थांबला. दाराशी मठातला म्हातारा लखोबा उभा होता. त्याची नजर रेवणच्या तोंडाकडे नव्हती, मुठीकडे होती.

रेवणला भीती वाटली. दुष्काळातही वाटली नव्हती एवढी. मूठ उघडेना.

…

“बाकीच्यांचं सोडा, बाबा,” तो हळू आवाजात म्हणाला. “मडक्यात तुमचाही हात गेला होता. तुम्ही तरी मनापासून तपकिरी टाकलात ना?”

बाबांनी शेजारचा रिकामा वाडगा उचलून त्याच्यासमोर ठेवला.

“आजची पेज अजून आली नाही, रेवणा. पिऊन झाली की सांगतो.”